दोन जणींचं काम

हेडबाईंनी तिसरी नर्सही पळवून लावली, ही बातमी शिवणकाकूंच्या दुकानात दुपारच्या चहाच्या वेळी येऊन पोहोचली. आणली ती हेडबाईंच्या शेजारणीनं. तिला कोटाचं अस्तर बदलून हवं होतं, पण अस्तराचं नुसतं निमित्त. खरं म्हणजे बातमी पोटात मावेना म्हणून ती आली होती. नर्सनं म्हणे नुसता टॉवेल भिजवून पांघरुणाला हात घातला, तेवढ्यात साबणाची डबी सुटली ती थेट दाराच्या चौकटीवर. डावं अंग लुळं पडलं असलं तरी उजवा हात शाबूत होता, आणि शाळेत इतकी वर्षं खडू फेकून मारल्यावर नेम काही सहजासहजी जात नाही.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. बसायला आलीच तर माशी आधी दारावर टकटक करत असणार. थंडीच्या सुरुवातीला त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. देवानं अंग अर्धं नेलं आणि जीभ पुरी ठेवली, असं लोक म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर मागे कुणी नाही ना ते बघायचे. मुलगा परदेशात होता. तो रोज फोन करी, पैसे पाठवताना हात आखडता घेत नसे, पण फोनवरून काही आईची कूस बदलता येत नाही.

आणि घोडं अडलं होतं ते तिथंच. हेडबाई कुणालाही अंग पुसू देत नव्हत्या, कुशीवर वळवू देत नव्हत्या. पडून पडून पाठीला जखम झाली होती आणि ती चिघळायला लागली होती. डॉक्टरांनी शेजारणीला जिन्यात थांबवून सांगितलं होतं की बाई झटक्यानं जाणार नाहीत, पाठीनं जातील. रोज जखम धुतली गेली नाही तर फार दिवस लागायचे नाहीत. हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं तर हेडबाई म्हणत, मेल्यावर न्या.

शिवणकाकूंनी हे सगळं मशीनवरून मान न उचलता ऐकलं. शेजारीण निघून गेल्यावर त्यांनी पाहिलं, तर शिवण वाकडी गेली होती. ती त्या उसवत बसल्या. खरं सांगायचं तर त्यांना आत कुठेतरी बरं वाटलं होतं. ताठ मान अखेर उशीवर टेकली म्हणायची. मग बरं वाटलं याचं वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा पुन्हा रागच आला. माणसाचं मन म्हणजे दोऱ्याचा गुंता. एक टोक ओढावं तर भलतीकडेच गाठ बसते.

त्या दोघी विहिणी. म्हणजे एके काळच्या. एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात जन्मलेल्या, एका बाकावर बसून शिकलेल्या. काकूंची लेक हेडबाईंच्या मुलाला दिली तेव्हा दोघींना आकाश ठेंगणं झालं होतं. पण संसार टिकला नाही. पोरानं पोरीचं ऐकलं नाही, पोरीनं पोराचं ऐकलं नाही, आणि दोघांच्या आयांनी दोघांचंही फार ऐकलं. घटस्फोट झाला. त्यानंतरही दोघी एकमेकींना नमस्कार करण्यापुरत्या होत्या. मग एका शनिवारी प्रार्थना संपवून सगळा यहुदी समाज सिनेगॉगच्या फाटकात उभा असताना हेडबाई मोठ्यानं म्हणाल्या, "कापडच हलकं असेल तर शिवण कितीही बारीक घाला, ते उसवायचंच."

लेक तिथंच उभी होती. चारचौघांत कुणाला खाली मान घालायला लावणं म्हणजे रक्त सांडणं, असं यहुदी शास्त्रकारांनी सांगून ठेवलंय. चेहऱ्यावरचं लाल उतरतं आणि पांढरं चढतं, ते रक्त जातं कुठे? काकूंनी ते पांढरं लेकीच्या तोंडावर चढताना डोळ्यांनी पाहिलं. लेकीनं त्यानंतर सिनेगॉगचं फाटक ओलांडलं नाही. ती बेकरीत कामाला लागली, पहाटे उठून पीठ मळायला लागली, आणि त्या विषयावर मूग गिळून बसली. काकूंनी अबोला धरला तो आजतागायत.

गंमत अशी की या अबोल्यातही दोघी कितीतरी वेळा खांद्याला खांदा लावून काम करत होत्या. समाज लहान. कुणी बाई वारली की तिला अंघोळ घालून कफन नेसवायचं काम समाजातल्याच बायकांनी करायचं, भाडोत्री माणसानं नाही, आणि त्या कामात या दोघींचा हात धरणारं कुणी नव्हतं. या सेवेला खरीखुरी दया म्हणतात, कारण मेलेलं माणूस परतफेड करू शकत नाही. त्या खोलीत बोलायचं नाही असा नियमच आहे. पाणी हवं तर बोट दाखवायचं, टॉवेल हवा तर हात पुढे करायचा. दोघींना तो नियम वरदानच वाटला असणार. एकीनं खांदा धरला की दुसरी कंबर धरायची, आणि सांगायची वेळ यायची नाही. बाहेर पडल्यावर हात धुवून एक डावीकडे जायची, एक उजवीकडे.

म्हणूनच हेडबाई नर्सांना का हाकलतात, हे अख्ख्या गावात एका शिवणकाकूंनाच कळलं होतं. लोक म्हणत होते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. काकूंना ठाऊक होतं की हा पीळ नाही, ही भीती आहे. ज्या बाईनं इतक्या अंगांवर पाणी घातलं तिला दुसऱ्याच्या हाती अंग देणं म्हणजे काय ते चांगलंच माहीत होतं. ओळखीचं नसलेलं कुणी चादर ओढतं, हवापाण्याच्या गप्पा मारत हात उचलतं, सोडतं, तेव्हा माणूस वस्तू होऊन जातं. काकूंना हे कळलं आणि कळलं म्हणून झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी त्या समाजाच्या धर्मगुरूंकडे, रब्बींकडे गेल्या. रब्बी सिनेगॉगमध्ये स्टुलावर चढून दिव्याचा बल्ब बदलत होते. काकूंनी स्टूल धरलं आणि ताकाला जाऊन भांडं लपवायला सुरुवात केली. म्हणाल्या, माझ्या एक ओळखीच्या आहेत, त्यांचं एकीशी वाकडं आहे. आता ती आजारी पडली. पण वैऱ्यानं आजाऱ्याच्या भेटीला जाऊ नये असं शास्त्रात आहे ना? आजाऱ्याला वाटायचं, आली माझी दशा बघून खूश व्हायला.

रब्बी म्हणाले, आहे खरं तसं. काकूंना एकदम हलकं वाटलं. रब्बींनी बल्ब घट्ट बसवला आणि पुढे असंही सांगितलं की आजाऱ्याची एक भेट घेतली की त्याच्या दुखण्याचा साठावा हिस्सा कमी होतो, त्यातही भेटणारा त्याच्याच वयाचा, त्याच वेळी जन्मलेला असला तर. काकू फणकाऱ्यानं म्हणाल्या की मग समवयस्क साठ जणी धाडा, संध्याकाळी उठून बाजारात जाईल. हा विनोद दीड-दोन हजार वर्षं जुना आहे, असं म्हणत रब्बी खाली उतरले.

"तुमच्या ओळखीच्या बाईंना सांगा," ते हात झटकत म्हणाले, "भेटायला मुळीच जाऊ नका. पण त्याच शास्त्रात गाढवाचंही आहे. ज्याच्याशी वैर आहे त्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं, तर तसंच पुढे जायचं नाही. त्याच्याबरोबर वाकायचं आणि ओझं उतरवायचं. आधी वैर संपवा आणि मग हात लावा, असं तिथं कुठंही म्हटलेलं नाही."

"म्हणजे जायचं की नाही जायचं?"

"भेटायला जायचं नाही. कामाला जायचं." वर त्यांनी पुस्ती जोडली की 'त्याच्याबरोबर' हा शब्द महत्त्वाचा आहे. मालकच हात बांधून बसला आणि म्हणाला, तुझा धर्म आहे तर तूच उतरव, तर मग तुम्ही सुटलात. मालकानंही आपल्या परीनं जोर लावायचा असतो.

काकू तिथून निघाल्या त्या आधी डॉक्टरांकडे गेल्या. जखम कशी धुवायची, पाणी किती उकळायचं, काय लावायचं, हे दोनदा विचारून घेतलं. मग घरून मऊ कापडं घेतली, शेजारणीकडून किल्ली घेतली आणि हेडबाईंच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

खोलीत वास येत होता. एरवी या घरात चादरीवर सुरकुती दिसायची नाही, आणि आता उशाशी अर्धे प्यालेले पेले, औषधाच्या पट्ट्या, शिळं वर्तमानपत्र पडलेलं. हेडबाईंनी दाराकडे पाहिलं. काकूंनी बाह्या सारल्या. हेडबाईंचा उजवा हात उशाकडे सरकला, तिथं एक पेला होता. मग तो हात परत आला आणि छातीवर पडून राहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकूंनी पाणी कोमट केलं आणि कामाला लागल्या. हात आपोआप चालायला लागले. आधी डोकं, मग चेहरा, मान, मग उजवी बाजू. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं चादरीखाली. एका बाजूचं झालं की तांब्या उचलायचा, पायांकडून वळसा घालून पलीकडे जायचं, मग डावी बाजू. टॉवेल अलीकडे राहिला, तर पुन्हा वळसा. तोंडातून चकार शब्द नाही. हेडबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. काकूंना वाटलं, जमलं. इतक्या दिवसांत जे कुणाला जमलं नाही ते आपल्याला जमलं. त्या साबणासाठी पुन्हा पायांकडून निघाल्या.

"विहीणबाई," हेडबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "मी अजून मेले नाहीये."

काकू जागीच थबकल्या.

"मगापासून बघतेय. उजवं झाल्यावर डावं, अंगावरून काही द्यायचं नाही, पायांकडून वळसा. सगळं बरोबर चाललंय. फक्त मी जिवंत आहे. हात घाला अंगावरून आणि घ्या तो साबण, चालतं जिवंत माणसाला. आणि काहीतरी बोला."

आपण काय करत होतो ते त्यांना आता दिसलं. वळसे घालून घालून त्यांनी जिवंत विहिणीला सरळ मयतासारखी अंघोळ घातली होती. बुडत्याला वाचवायला जावं आणि त्यालाच खाली दाबावं, तसं झालं होतं. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावला, पण हसू काही आवरेना. हेडबाईंच्या तोंडाचा उजवा कोपराही थरथरला. डाव्यानं साथ दिली नाही, म्हणून ते हसू तिरकं झालं, पण हसूच होतं.

मग काकू बोलल्या. काय बोलल्या तर अस्तरं महागली, रब्बी स्टुलावर चढतात आणि एक दिवस पडतील, शेजारणीच्या कोटाला अस्तर नाही नवा कोटच लागेल. इतक्या वर्षांचं साचलेलं आणि त्यातून निघालं काय, तर कोटाचं अस्तर. पण हेडबाई कान देऊन ऐकत होत्या. मध्येच एकदा त्यांनी शेजारणीच्या व्याकरणाबद्दलही मत दिलं.

पुढचं अंग झालं. राहिली पाठ. काकूंनी एक हात खांद्याखाली घातला, एक कंबरेखाली, आणि रब्बींचं आठवून म्हणाल्या की तुम्हीही जोर लावा, माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका. हेडबाईंनी उजव्या हातानं पलंगाची कड धरली आणि दात आवळून जोर लावला. अर्ध्यापर्यंत वळल्या. मग काकूंचं मनगट लचकलं, हेडबाई मागे पडल्या, आणि जखमेवर पडल्या. त्यांनी ओरडू नये म्हणून ओठ चावला, ते काकूंनी पाहिलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. वय दोघींचंही एकच होतं, आणि ते काही थोडं नव्हतं.

"दोन जणींचं काम आहे हे," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आपण दोघी करत होतो."

हेडबाई छताकडे बघत राहिल्या. समाजातल्या आणखी कुणाला बोलवू का, असं काकूंनी विचारलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. नर्सला? त्यालाही नाही. तेव्हा मात्र काकूंचा तोल गेला. त्या म्हणाल्या की कैद्याला स्वतःची बेडी स्वतः काढता येत नाही, हे तुम्हीच वर्गात मुलींना शिकवायचात. हात दुसऱ्याचा लागतो. जन्मभर तुम्ही सगळ्यांना हात दिलात, आता एकदा घ्यायची वेळ आली तर पेले फेकून मारताय.

काकूंनी चादर नीट केली, भांडी उचलली, आणि निघायच्या आधी त्यांचे ओठ सवयीनं हलले. मयताचं सगळं आवरल्यावर शेवटी त्या बाईला नावानं हाक मारून म्हणायचं असतं की आमच्या हातून तुझा मान राखण्यात काही कमी पडलं असेल तर क्षमा कर. काकूंचे ओठ तिथवर आले आणि थांबले.

"म्हणा ना," हेडबाई म्हणाल्या. "मेलेल्या बाईपाशी क्षमा मागता, माझ्यापाशी मागायला लाज वाटते?"

"तुमचा मान मी कुठं राखला नाही ते सांगा, मग मागते."

रस्त्यावरून एक गाडी गेली. मग हेडबाई म्हणाल्या, "तुम्ही नाही. मी मागायची आहे. ते कापडाचं बोलले तेव्हाच कळलं होतं. शब्द तोंडातून सुटला आणि पोरीचा चेहरा बघितला. दुसऱ्या दिवशी येणार होते तुमच्याकडे. मग वाटलं परवा जाऊ. मग तुम्ही रस्त्यात तोंड फिरवलंत, आणि मला बरंच झालं."

काकूंनी हातातली भांडी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. डोळे भरून आले होते, त्याचा त्यांना राग आला. "मला जे बोललात ते मी सोडलं," त्या म्हणाल्या. "आत्ता, या क्षणी सोडलं. पण कापड माझी लेक होती. तिच्या वाटचं मला सोडता येत नाही. आई असले तरी नाही. ते तिचं तिच्यापाशी."

"मग तिला बोलवा."

"कशाला? क्षमा करायला की पाठ धुवायला?"

"दोन्हीला," हेडबाई म्हणाल्या. "तिचे हात मला माहीत आहेत. आमच्या घरी होती तेव्हा मला ताप आला, तर डोकं चेपून द्यायची. तिनं धरलं तर मी ओरडणार नाही."

काकूंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे असं चालायचं नाही. पोरगी आली नाही तर तुम्ही मरणार, असं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून मी बोलवायला जाणार नाही. मग ती क्षमा नव्हे, वेठबिगारी. ती नाही म्हणाली तर तुम्ही नर्सला पाठ धुवू द्यायची, हे आधी कबूल करा. कबूल करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, प्रयत्न करीन. एवढंही त्यांच्या तोंडून आयुष्यात कुणी ऐकलं नसेल.

बेकरीत लेक पिठाच्या गोळ्यावर दोन्ही मुठी दाबत उभी होती. कोपरापर्यंत पांढरी. काकूंनी काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. पाठ, जखम, डॉक्टर, वळसे घातल्याची फजिती, आणि क्षमेचं. वळशांच्या गोष्टीला लेक हसली, बाकीचं ऐकताना तिच्या मुठी थांबल्या नाहीत.

"तू जा आई. तुझं मन मोठं आहे. माझं नाही."

"मोठंबिठं काही नाही," काकू म्हणाल्या. "मला अजूनही राग आहे. आज तिला पुसतानासुद्धा होता."

"मग जातेस कशाला?"

"पाठ कुजतेय तिची."

लेकीनं गोळा उलटला, पुन्हा दाबला. माझ्यावर जबरदस्ती आहे का, असं तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, नाही, तू आली नाहीस तर नर्स येणार आहे, हेडबाईंनी तसं कबूल केलंय. त्यावर लेकीनं मान वर करून आईकडे पाहिलं. "हेडबाईंनी कबूल केलं?" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. काकूंना वाटलं, विषय संपला. रस्त्यानं घरी जाताना त्यांनी स्वतःला समजावलं की पोरीचं बरोबर आहे, जिची जखम तिलाच ठाऊक. आणि तरीही त्यांना पोरीचा थोडा राग आलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू हेडबाईंकडे पोहोचल्या तेव्हा नर्स यायची होती. नवी चौथी नर्स. पहिल्या तिघींनी तिला काय काय सांगितलं असेल देव जाणे. हेडबाई रात्रभर झोपल्या नव्हत्या, चेहऱ्यावरून दिसत होतं. कपाळ तापलं होतं. काकूंनी सांगितलं की लेक येणार नाही. हेडबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "नर्स आली की तुम्ही इथंच बसा. माझा हात धरा. म्हणजे काही फेकता यायचं नाही."

दार वाजलं. शेजारणीनं उघडलं. पण आत आली ती नर्स नव्हती. बेकरीतली पहिली भट्टी उरकून लेक तशीच निघाली होती. अंगावर ऍप्रन, केसात पीठ. ती दारातच उभी राहिली. आत यावं की नाही हे तिचं अजून ठरलेलं दिसत नव्हतं.

हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग दारातून हळूच सटकू बघणाऱ्या शेजारणीकडे. "तू थांब," त्या शेजारणीला म्हणाल्या. आवाजात पूर्वीची शाळा होती. "त्या दिवशी फाटकात तूही होतीस. चारचौघांत बोलले होते, तर एकांतात परत घेऊन चालायचं नाही. चारचौघं मला आता मिळायची नाहीत. ही आहे, तुझी आई आहे, जेवढं आहे तेवढं." हे शेवटचं लेकीला होतं. "पोरी, मी तुला हलकं कापड म्हटलं. तू हलकी नव्हतीस. माझा मुलगा तुला सोडून गेला याची मला लाज वाटत होती, ती मी तुझ्या अंगावर टाकली. माझं चुकलं."

शेजारीण पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. ही बातमी ती कुठं नेणार नाही, निदान आज तरी नाही, असं तिच्या तोंडावरून वाटत होतं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. उगाच म्हणायचं म्हणून म्हणणार नाही. पुढेही म्हणीन की नाही माहीत नाही."

"बरोबर आहे," हेडबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, ती आता जाईल. काकूंनाही तसंच वाटलं.

लेकीनं ऍप्रन सोडून खुंटीला लावला. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आईनं आणलेल्या कापडानं कोरडे केले, आणि पलंगाशी येऊन वाकली. "आई, तू खांदा धर. मी कंबर धरते. आणि तुम्ही," ती हेडबाईंना म्हणाली, "उजव्या हातानं कड पकडा आणि मी म्हटलं की जोर लावा."

हेडबाई एका दमात वळल्या. रोज पिठाची पोती उचलणाऱ्या हातांना ते जड गेलं नाही. पाठ समोर आली आणि दोघी मायलेकी काही क्षण नुसत्या बघत राहिल्या. इतकं असेल असं काकूंना वाटलं नव्हतं. मग लेकीनं उकळून गार केलेलं पाणी मागितलं आणि जखमेवर अगदी बारीक धारेनं सोडलं.

हेडबाईंचं सगळं अंग ताठ झालं. त्यांनी ओठ दाताखाली धरला होता, कालच्यासारखाच.

"दुखतंय का?" लेकीनं विचारलं.

हेडबाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं असं नाही. डॉक्टर विचारायचे, मुलगा फोनवर विचारायचा, तिन्ही नर्सांनी विचारलं होतं, आणि प्रत्येकाला उत्तर मिळालं होतं की काही नाही, ठीक आहे. पाण्याची धार थांबली. लेक उत्तराची वाट बघत होती.

"हो," हेडबाई म्हणाल्या. "खूप दुखतंय गं."

"मग सांगायचं," लेक म्हणाली. "सांगितल्याशिवाय कळणार कसं आम्हाला?" आणि तिनं तांब्या आणखी खाली आणून पुन्हा हळूहळू पाणी सोडायला सुरुवात केली.